गळ्याचं माप

दि. ३ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

गेल्या चार दिवसांत तू नऊ वेळा फोन केलास आणि मी एकदाही उचलला नाही. फोनवर तू डॉक्टरच्या आवाजात बोलायला लागलास की मी गप्प बसते, आणि या वेळी मला गप्प बसायचं नाही. बाबा म्हणायचे, ज्याच्यावर चिडायचं त्याच्यावर कागदावर चिडावं, म्हणजे समोरच्याला मधे तोंड घालता येत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच.

सुईच्या तपासणीचा निकाल आला. मानेतली गाठ म्हणजे तोच जुना पाहुणा आहे, नऊ वर्षांपूर्वी नाकाच्या छतातून, वासाच्या नसेवरून काढलेला. तेव्हा माझा वास कायमचा गेला तरी मी तक्रार केली नाही. जीव राहिला ना, म्हटलं. आता तो नाकात नाही आला. डाव्या कानाखाली चार बोटांवर येऊन बसलाय.

आणि तो सापडला कुणाला? तुझ्या त्या घरघरणाऱ्या एमआरआयच्या बोगद्याला नव्हे, माझ्या शिवणाच्या टेपला. जानेवारीत स्वतःसाठी बंद गळ्याचा कोट बेतायला घेतला. मापाच्या वहीत माझा गळा साडेतेरा इंच, दहा वर्षं तोच. या वेळी टेप चौदाच्या पुढे गेली. आधी खूश झाले, म्हटलं म्हातारपणी अंगाला काहीतरी लागलं. मग दंडाला लावली, कमरेला लावली, तर तिथे उलट कमी. तेव्हा बोटांनी चाचपलं.

नाक-कान-घशाची नवी डॉक्टरीण माझ्या शिवणवर्गातल्या पोरींच्या वयाची आहे. तिने माझे नऊ वर्षांचे एमआरआय पडद्यावर ओळीने लावले. पहिल्या तीन वर्षांत चेहराही आहे आणि मानही. चौथ्या वर्षापासून पुढे फोटो हनुवटीशी संपतात. कापड कमी पडावं तसे.  मग तिने हळूच विचारलं की मानेचे फोटो दुसरीकडे कुठे काढले होते का. हा आजार वर्षानुवर्षं दबा धरून बसतो आणि पुष्कळदा मानेतच परत येतो, म्हणून नाकाबरोबर मान बघायचीच असते, असं ती म्हणाली. ते सगळे रिपोर्ट मी घरी येऊन पुन्हा वाचले. सहाही रिपोर्टांत एकच वाक्य: आजार परतल्याची चिन्हे नाहीत. खाली तुझी सही.

मला एवढंच सांग. सहा वर्षं माझी मान कुठे होती?

कळावे. लोभ आहे, पण सध्या कपाटात ठेवलाय.

तुझी,
ताई


दि. ७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र शेवटपर्यंत वाचलं. दोनदा वाचलं. आता माझी पाळी.

तुला आठवत नाही की आठवायचं नाही? चौथ्या वर्षी तुला यंत्रात घातलं, डोक्यावर तो पिंजरा बसवला, आणि पाच मिनिटांत तू हातातला इशाऱ्याचा रबरी फुगा दाबलास. पुन्हा घातलं, पुन्हा दाबलास. तिसऱ्यांदा कसंबसं चेहऱ्यापुरतं झालं. मग बाहेर बाकावर बसून माझी बाही धरलीस आणि म्हणालीस की ठोंब्या, यातून मला लवकर बाहेर काढ, नाहीतर पुढच्या वर्षी मी येणारच नाही, मेले तरी चालेल.  आई गेल्यावर मला सांभाळणारी, कुणापुढे कधी न वाकलेली माझी ताई, आणि तिचे दात वाजत होते. मी काय करायला हवं होतं? चेहऱ्याला पंचवीस मिनिटं लागतात, मानेला आणखी वीस. मी ती वीस काढून टाकली. तीन वर्षं मान स्वच्छ होती. अर्धी तपासणी ही न झालेल्या तपासणीपेक्षा बरी, असा विचार केला. हौस म्हणून नाही कापली.

आणि आता माझा राग ऐक. गाठ जानेवारीत हाताला लागली आणि तू दवाखान्यात गेलीस फेब्रुवारीच्या अखेरीला! मधले सहा आठवडे काय करत होतीस? शाळेच्या गणवेशांना काजं? तुझा भाऊ तीस वर्षं हेच फोटो वाचतोय, त्याला सोडून तू काल पास झालेल्या मुलीकडे गेलीस, आणि मला ते कँटीनमध्ये दुसऱ्या कुणाकडून कळलं. चहाचा कप हातात तसाच राहिला माझ्या.

मानेतली गाठ काढता येते, त्यावर किरणं देता येतात. पण आधी पूर्ण फोटो हवेत. ते मी स्वतः बघेन. हट्ट करू नकोस. तुझी भावजय रडून रडून अर्धी झाली आहे. तिचा तरी विचार कर.

कळावे. लोभ कपाटात असला तरी कपाटाला कुलूप नसावं.

तुझा,
ठोंब्या


दि. १२ मार्च

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

सहा आठवडे उशीर केला ते माझं चुकलं. भीती वाटली म्हणून थांबले. बघ, लिहून दिलं: माझं चुकलं. दोन शब्द लागले, हात काही झिजला नाही. तुझ्या दोन पानांत हे दोन शब्द मी शोधले, पण सापडले नाहीत.

बाकावरचं मला आता आठवलं. मी तुझी बाही धरली होती, खरं आहे. पण भ्यालेल्या माणसाने मागायचं असतं आणि ज्याला कळतं त्याने नाही म्हणायचं असतं. माझ्याकडे आया येतात, म्हणतात पोर उभं राहत नाही, नजरेनेच बेता. चाळीस वर्षांत एकदाही बेतलं नाही. पोराला खाऊ दिला, गोष्ट सांगितली, वेळ पडली तेव्हा रागावले, पण टेप लावली. तू मला झोपेचं औषध देऊन आत घालू शकला असतास. दोन दिवसांत अर्धं-अर्धं करू शकला असतास. एक थोबाडीत दिली असतीस तरी मी आत गेले असते.

आणि मला सांगितलंही नाहीस! मी दर वर्षी लवकर बाहेर यायचे आणि सगळ्यांना कौतुकाने सांगायचे की यंत्र आता किती झटपट झालंय. तू शेजारी उभा राहून हसायचास. दर वर्षी रिपोर्ट आला की मी तुला शर्ट शिवायचे. सहा शर्ट, ठोंब्या. प्रत्येक कॉलरला आतून अस्तर लावून.

काल पूर्ण एमआरआय काढला, मानेसकट. तू रजेवर असल्याची खात्री करूनच गेले. फुगा एकदा दाबला, दुसऱ्यांदा दाबला नाही. ते असू दे. खरी गोष्ट पुढेच आहे.

तुमची ती जुनी टेक्निशियन, चष्मा साखळीला अडकवणारी, फार मायाळू बाई आहे. मला उठवून बसवताना म्हणाली की आज तुमची नेहमीची नाही, मोठी तपासणी केली. मी विचारलं, नेहमीची म्हणजे कुठली. तिने काचेपलीकडच्या पडद्याकडे बोट दाखवलं. तिथे तपासण्यांची यादी असते म्हणे, आणि त्यात एक ओळ आहे: ‘ताई – छोटी’. सरांनी तुमच्यासाठी बनवली, असं ती अभिमानाने म्हणाली. फार उपयोगी पडते म्हणाली. कुणी घाबरलं, किंवा बाहेर रांग वाढली, की सगळे तीच लावतात.

मला तिथेच घेरी आली. बाईला वाटलं इंजेक्शनमुळे.

नाकाच्या, सायनसच्या, टाळूच्या कॅन्सरचे किती लोक त्या ओळीतून गेले? कितीजणांना तू ते गोड वाक्य लिहून दिलंस? मला यादी नको. त्यांना बोलाव. एकेकाला बोलावून सांग की तुमची मान बघायची राहून गेली आहे. ते होईपर्यंत माझे फोटो तू बघायचे नाहीस. कॉम्प्युटरवर उघडायला तुला कोण अडवणार, पण उघडू नकोस.

कळावे. या पत्राचं उत्तर मला नको, त्या लोकांना हवंय.

ताई


दि. १६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे फोटो उघडलेले नाहीत. माझ्या टेबलापासून तीन बटणांवर आहेत. सख्ख्या बहिणीच्या मानेत काय आहे हे मी सोडून आख्ख्या विभागाला ठाऊक आहे, आणि मी जिन्याने जाताना लोक बोलायचं थांबतात. तुझी शिक्षा लागू झाली म्हणायची.

बाकीच्या गोष्टीला मात्र तू शिवणकामासारखं सोपं समजू नकोस. ते अकरा लोक आहेत. त्यातले काहीजण दुसऱ्या डॉक्टरांकडे मानेची सोनोग्राफी करत असतील. बहुतेकांच्या मानेत काहीही नसणार. असा फोन गेला की माणूस आधी हादरतो, मग वकील गाठतो. विभागाचं नाव जाईल. त्या टेक्निशियनवर बालंट येईल, आणि तिची काही चूक नाही. हे सगळं रीतसर, समितीपुढे ठेवून, शांतपणे करायचं काम आहे. एकतीस तारखेला माझा निरोपसमारंभ आहे. माझ्या जागी येणाऱ्या माणसाला मी सगळं नीट समजावून देईन, त्याच्या सोयीने तो बघेल.

मी तुझ्यासाठी केलं, ताई. दुसऱ्यांवर ती लावा असं मी कधीच सांगितलं नाही. लावू नका असं सांगायचं राहिलं, एवढंच. तीस वर्षांत लाखभर फोटो वाचले असतील मी, आणि तू मला एका ओळीवरून जोखतेस.

तूर्त कुणाजवळ बोलू नकोस, एवढं ऐक. आणि ऑपरेशनची तारीख तरी कळव. मला ती नोटीस बोर्डावर वाचायला लावू नकोस.

कळावे. लोभ असो वा नसो, तब्येतीला जप.

ठोंब्या


दि. १८ मार्च

ठोंब्या,

अकरा.

मी यादी मागितली नव्हती. तू नेमका आकडा लिहिलास, ‘दहा-बारा’ असा नाही. म्हणजे तू यादी काढली आहेस. नावं वाचली आहेस. त्यांचे फोटो हनुवटीशी संपतात हे तू एकेक करून बघितलं आहेस आणि मग यादी खणात ठेवून मला समितीच्या गोष्टी सांगतोयस.

इतकी संतापले आहे की आज कात्री हातात धरवेना. पोरींना सुट्टी दिली.

माझी गाठ टेपने सापडली. त्या अकराजणांपैकी शिवणकाम कितीजणांना येतं?

समितीची बैठक व्हायची, नव्या साहेबांनी खुर्चीची उंची नीट करायची, मग त्यांच्या सोयीने फोन. तोवर मानेतलं थांबणार आहे? माझं सहा आठवडे थांबलं नाही, हे तूच मला सुनावलंस. माझे सहा आठवडे तुला दिसतात, त्यांची सहा वर्षं दिसत नाहीत! लोक वकील गाठतील म्हणतोस. गाठू देत. ज्याच्यापाशी वकील गाठण्याइतकं आयुष्य शिल्लक आहे त्याला देव आणखी देवो.

मी तुझ्यासाठी केलं, असं लिहिलंस. हे वाक्य पुन्हा कधी लिहू नकोस. तू पाच वर्षांचा होतास, गोवर झाला होता, औषध कडू म्हणून तोंड मिटून बसायचास. मी तुझं नाक दाबून पाजायचे. तू मला बोचकारायचास, राक्षसीण म्हणायचास. माझ्या मनगटावर ती खूण आहे अजून. माया म्हणजे काय ते मी तुला तेव्हा शिकवलं होतं, तू विसरलास.

संपूर्ण अंगाचं स्कॅनही झालं, ते खास औषध टोचून जे या जातीच्या पेशींना जाऊन चिकटतं आणि पडद्यावर उजळतं. डाव्या मानेत दोन ठिकाणी उजळलं. फुप्फुसात, हाडांत काही नाही. ऑपरेशन सत्तावीस तारखेला. हे तुला सांगते कारण तू भाऊ आहेस. याहून जास्त सांगणार नाही.

चोवीस तारखेपर्यंत तू फोन केले नाहीस तर पंचवीसला मी स्वतः रुग्णालयाच्या प्रमुखांना पत्र लिहीन, आणि त्यात ती ओळ कोणासाठी बनवली तेही लिहीन. ते नाव माझं आहे, ठोंब्या. त्या यंत्रात माझं नाव लिहून ठेवलंत आणि त्याखाली माणसं झोपवलीत.

ताई


दि. २३ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

माझं चुकलं.

एकोणीस तारखेला सकाळी दार लावून बसलो. यादी समोर ठेवली. पहिला फोन लावायला मला पाऊण तास लागला. नंतर तीन दिवस दुसरं काही केलं नाही.

एक बस चालवणारा आहे, त्याने आधी शांतपणे ऐकलं आणि मग इतक्या शिव्या दिल्या की त्यातल्या काही मला नवीन होत्या. पण लगेच आला. पोहायला शिकवणारी एक बाई आहे, ती म्हणाली की डॉक्टर, चूक कबूल करणारा फोन मला आयुष्यात पहिल्यांदाच आलाय, थांबा, मी खाली बसते. एका काचकाम करणाऱ्या म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. त्याला मला चार वेळा मोठ्याने सांगावं लागलं, की मी तुमची मान बघितली नाही. बाहेर कॉरिडॉरमध्ये सगळ्यांनी ऐकलं असणार. दोघं परगावी आहेत, त्यांच्या तपासण्या तिथल्या दवाखान्यात ठरवून दिल्या.

आठजणांची मान बघून झाली. माझ्याबरोबर दुसरे दोन डॉक्टर बसले. एकट्याने वाचायचं धैर्य राहिलं नाही. सात स्वच्छ. त्या पोहणाऱ्या बाईच्या उजव्या बाजूला एक गाठ आहे, नखाएवढी. वेळेत आहे असं वाटतं. तिला मीच सांगितलं.

अकरावा फोन एका बाईने उचलला. तो माणूस तिचा बाप. पियानो दुरुस्त करायचा. ती म्हणाली की बाबा मागच्या ऑक्टोबरात गेले. कशाने, असं मी विचारलं. खरं तर विचारायला नको होतं, पण न विचारता फोन ठेवला असता तर ते तुला कळवायला मला तोंड राहिलं नसतं. ती म्हणाली, मानेत गाठी झाल्या होत्या, फार उशिरा कळलं. मग तिने विचारलं की आपण कोण. मी माझं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, आणि काय केलं ते सांगितलं.  तिने फोन ठेवला नाही. मागे कुठेतरी नळ चालू होता, तो मी ऐकत राहिलो. मग तिने ठेवला.

सगळं लिहून काल रुग्णालयाच्या प्रमुखांना दिलं. टेक्निशियनचा दोष नाही हे पहिल्याच वाक्यात लिहिलं. ती ओळ यंत्रातून मी माझ्या हाताने पुसली. निरोपसमारंभ नको म्हणून कळवलंय; चौकशी होईल तिथे जाईन.

तुझे फोटो अजूनही उघडले नाहीत. आता ते मागतही नाही.

सत्तावीसला मी खाली आवारात असेन. वर येणार नाही.

लोभाबद्दल काही लिहायचा मला अधिकार नाही.

ठोंब्या


दि. २ एप्रिल

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

हे पत्र तिरकं झालंय कारण मान वळत नाही. गळ्यातून नळी निघाली, टाके तेवीस. डॉक्टरीण म्हणते टाक्यांवर माझा हात बसलाय, मी म्हटलं टाका जरा लांब पडलाय. हसली बिचारी. गाठी दोन्ही अखंड निघाल्या. आता किरणं सुरू होतील, आणि मग दर चार महिन्यांनी पुन्हा तो बोगदा. माझे फोटो यापुढे तीच वाचेल. तू माझे फोटो वाचायचे नाहीस, कधीच नाही. मी आतून कितीही हाका मारल्या तरी उठून आत यायचं नाही.

सत्तावीसला तू सकाळी सहापासून आवारात होतास, हे नर्सने सांगितलं. काही खाल्लं नाहीस तेही सांगितलं. त्याने माझा राग उतरला असं समजू नकोस. तो अजून तसाच आहे, आणि मला तो उतरवायचाही नाही. फार दिवसांनी एखादी गोष्ट मनासारखी घट्ट धरता आली आहे. पण तुझं पत्र मी ऑपरेशनला जाताना उशीखाली ठेवलं होतं. ते पहिलं वाक्य वाचून.

त्या पियानोवाल्याच्या मुलीचा विचार डोक्यातून जात नाही. तिने लगेच फोन ठेवला नाही, म्हणजे तिला आणखी काहीतरी विचारायचं होतं. तिला तू पत्र लिहून मोकळा होशील, तर ते चालायचं नाही. आपण दोघांनी जायचं. माझी किरणं संपली की पहिल्या रविवारी. हातात फळं, फुलं काही न्यायचं नाही. ती घरात घेईलच असं नाही. दारातून हाकललं तर हाकललं, दुसऱ्या रविवारी पुन्हा जाऊ. तिने विचारलं की माझ्या बापाची मान का बघितली नाही, तर तू सांग. आणि तिने विचारलं की ही बाई कोण, तर ते मी सांगेन. ती छोटी तपासणी जिच्यासाठी बनवली ती मी, आणि मी जिवंत आहे. हे तिला माझ्या तोंडून कळायला हवं.

तिचा पत्ता काढून ठेव.

कळावे. लोभ आहे, आणि रागही आहे. दोन्ही सांभाळून ये.

तुझी,
ताई